अर्धा हिरवा पट्टा

दिवे गेले म्हणून सारखी दाराकडे बघू नकोस. जनरेटरवाल्याला निरोप गेलाय आणि तो चहा संपवूनच येणार, म्हणजे आपल्याकडे भरपूर वेळ आहे. तो चार्जिंगचा दिवा जरा मधे सरकव. मघाशी विचारत होतीस ना, की सिस्टर, अपघातातला माणूस स्वतःच्या पायांनी चालत आला तरी तुम्ही आधी त्याच्या नाकासमोर हात का धरता? सगळ्यांना वाटतं, निवृत्तीच्या तोंडावर बाईला चळ लागलाय. वाटू दे. तुला सांगते, पण मधेमधे ‘बाई गं’ करायचं नाही.

त्या दिवशी दुपारी मी कापूस आणायला स्टोअरमध्ये गेले होते. स्टोअरवाला तेव्हाही हाच. कापूस मागितला की स्वतःच्या गादीतून काढून देत असल्यासारखं तोंड करायचा.

“परवा नेलेल्या रोलचं काय केलंत?”

“खाल्ला,” मी म्हटलं.

बाहेर आभाळ गच्च भरलं होतं. भर दुपारी कॉरिडॉरमधले दिवे लावले होते, त्यातली एक ट्यूब आजारी माणसासारखी फडफडत होती. वारा पडलेला. कॅज्युअल्टीत मधमाशी चावलेला एक गृहस्थ आणि त्याला धीर द्यायला आलेले त्याचे चार मेहुणे, एवढीच काय ती वर्दळ. कुत्रं वगैरे कुठे रडत नव्हतं. रडलं असतं तर मी सावध तरी झाले असते.

कापूस घेऊन आले तर फोन वाजत होता. गावाबाहेरच्या वळणावर बस उलटली होती.

ड्यूटीवर आपले ‘लगेच डॉक्टर’ होते. कधीही बोलवा, “लगेच येतो” म्हणणार, म्हणून आम्ही त्यांना ते नाव ठेवलं होतं. त्या दिवशी मात्र खरंच लगेच आले. मला दाराशी उभं केलं आणि पट्ट्यांचं खोकं हातात दिलं. रंग तुला पाठ आहेतच, तरी ऐक. लाल म्हणजे याला आत्ताच्या आत्ता बघा. पिवळा म्हणजे थोडा वेळ काढेल. हिरवा म्हणजे हा थांबू शकतो. आणि काळा म्हणजे त्याचं थांबणं न थांबणं आता आपल्या हातात नाही. अशा गर्दीत प्रत्येकाला तपासत बसलं तर शेवटचा माणूस तपासणीआधीच जाईल, म्हणून पहिली चाळणी अगदी सोपी. मोठ्याने ओरडायचं, “ज्यांना चालता येतंय त्यांनी डावीकडे या!” जो चालत आला, तो हिरवा. ज्याला चालता येतंय त्याचा श्वास चालू आहे की नाही हे कोण बघतं? तूही बघणार नाहीस.

आधी आला तो नाकावर ओरखडा उठलेला एक दांडगा माणूस. “मी मरतोय! कुणी बघतंय का? मी मरतोय!”

“एवढ्या आवाजात कुणी मरत नाही,” मी त्याला हिरवा बांधला. “बाकावर बसा. रडायचं असेल तर हळू रडा, बाजूला माणसं आहेत.”

मग एकेक करत येतच राहिले. लाल आत गेले, पिवळे खाटांवर, हिरवे कॉरिडॉरच्या बाकांवर. डोकी, हात, गुडघे, हरवलेल्या चपला. चपलांबद्दलच्या तक्रारी सर्वांत जास्त. खोकं रिकामं होत आलं, तेव्हा ती आजी आली. बुटकी, नऊवारीतली, लक्षात राहावं असं काही नाही, साधीच बाई, फक्त तोंड अखंड चालू. येताना मागे न बघता खांद्यावरून बोलत होती.

“या, या लवकर! नेहमी मागे. बस पडली तरी हे मागेच. अहो, पाय उचला की!” मग मला, “मला काही झालं नाहीये हं. नुसता डावा खांदा अवघडलाय. बसमध्ये ह्यांनी झोपेत मान टाकली होती त्यावर. आधी ह्यांना बघा, ह्यांना बीपी आहे.”

आजी जरा बाजूला झाली तशी दाराची घंटा वाजली. आपलं सरकतं दार कुणी बाहेरून आत आलं की टिंग करतं, बाहेर जाताना गप्प असतं, ते तुला माहीत आहे. टिंग झालं आणि मागून आजोबा आले. उंच, वाकलेले, हळूहळू चालणारे. अंगाला डिझेलचा आणि ओल्या मातीचा वास. हातात एकच हिरवा पट्टा उरला होता. मी तो दातांनी मधे फाडला, अर्धा आजीच्या मनगटावर बांधला, अर्धा आजोबांच्या. गाठ माझी नेहमीची. लहानपणी आई वेणीची रिबीन जशी बांधायची तशी, शेपूट आत खोचलेली.

आजोबांचा हात फ्रीजमधून काढलेल्या सलाईनच्या बाटलीसारखा गार होता. मला वाटलं, घाबरलेत.

“मला काही होत नाही...” ते अगदी हळू म्हणाले. “तिला बघा...”

“दोघंही एकमेकांकडे ढकलताय. बसा दोघं जण, बोलावते.”

मी वळले. मधमाशीवाल्याचे मेहुणे आता स्ट्रेचर ढकलत होते, आणि खरं सांगते, चांगले ढकलत होते. थोड्या वेळाने माझ्या पाठीला एकदम गारवा लागला. डिझेलचा वास आला. ट्यूब फडफडली.

“सिस्टर...”

आजोबा.

“काका, नंबर आल्याशिवाय उठायचं नाही.”

“तिला परत बघता का... ती बोलायची थांबलीय.”

“बरं झालं की. तुम्हालाही जरा विश्रांती.”

ते हसले नाहीत. मान हलवून गेले. मी एका पोराच्या हाताला फळी बांधली, तोवर पुन्हा पाठीशी गारवा.

“सिस्टर... लग्न झाल्यापासून ती कधी गप्प बसलेली नाही. झोपेतसुद्धा नाही...”

आता मला राग आला. एक माणूस दहा वेळा उठून येतो आणि खरे आजारी मागे राहतात, हे आपल्याकडे रोजचंच. म्हटलं, यांचं एकदा मोजून टाकते, म्हणजे गप्प बसतील. ऑक्सिमीटर त्यांच्या बोटाला लावला. नुसत्या दोन रेघा आल्या. बोट बदललं. रेघा. “यंत्र मेलंय,” मी म्हटलं आणि ते माझ्या बोटाला लावून पाहिलं. माझे आकडे झक्क आले, नाडी तर चांगलीच पळत होती. पुन्हा त्यांच्या बोटाला लावलं. रेघा.

मग मी मनगट धरलं. तिथे काही लागेना. मानेला बोटं लावली. तिथेही काही नाही. आणि मग माझं लक्ष त्यांच्या छातीकडे गेलं. तू कधी कुणाची छाती टक लावून बघितली आहेस? जिवंत माणूस कितीही गप्प बसला तरी शर्टाचं बटण जरासं हलतं. ते बटण हलत नव्हतं.

 पण मी नर्स आहे ना, त्यामुळे डोक्यात भुताचा विचार यायच्या आधी नियमाचा आला. श्वास नाही, म्हणजे काळा. पण चालतोय, म्हणजे हिरवा. आता याला बांधू काय? पुस्तकात अशा माणसाची सोय केलेली नाही. मी तिथे उभी राहून खरोखर हाच विचार करत होते, देवाशप्पथ.

“काका...” मी म्हटलं. “तुमचा श्वास...”

“माझं राहू द्या,” ते म्हणाले. बोलताना सुद्धा बटण हललं नाही. “मी थांबतो. मला सवय आहे... तिला बघा.”

आणि मी पळाले. त्यांच्यापासून पळाले म्हण, नाहीतर आजीकडे पळाले म्हण, त्या वेळी दोन्ही एकाच दिशेला होतं.

आजी बाकाच्या टोकाला भिंतीला टेकून बसली होती. शेजारी नाकवाला माणूस आपल्या मरणाची हकिकत कुणाला तरी फोनवर सांगत होता. आजीचे ओठ पांढरे पडलेले, कपाळावर गार घाम, डोळे अर्धे मिटलेले. “आजी, बोला की काहीतरी!” नुसते ओठ हलले. नाडी धाग्यासारखी, आणि पळतेय. पोटाला हात लावला तर फळीसारखं कडक. आणि मग मला तो डावा खांदा आठवला. पोटात डावीकडे प्लीहा फुटली की कळ खांद्यात जाते, हे मी तुम्हाला दर वर्षी शिकवते. त्या दिवशी नवऱ्याच्या डोक्याच्या भाराखाली ते माझ्याही ध्यानातून निसटलं होतं.

“लाल!” मी एवढ्या मोठ्याने ओरडले की नाकवाल्याने फोन खाली ठेवला. “डॉक्टर! ही लाल आहे! चला, मेहुणे, उचला!”

आजीला सरळ ऑपरेशनला नेलं. आत पोटभर रक्त साठलं होतं. सर्जन नंतर म्हणाले, आणखी थोडा वेळ बाकावर राहिली असती तर बाकावरच संपली असती. रक्त चढवलं, प्लीहा काढली, आजी वाचली. त्या बातमीने माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे मी तेव्हा कुणाला दाखवलं नाही, आज सांगते.

हे ऐकल्यावर मी सगळ्यात आधी आजोबांना सांगायला गेले. बाक रिकामा होता. नाकवाल्याला विचारलं, “इथले उंच आजोबा कुठे गेले?”

“कोण आजोबा? इथे कुणी नव्हतं. तुम्हीच मघाशी भिंतीशी बोलत यंत्र लावत होतात. मी म्हटलं, बिचाऱ्या बाईला ताण आलाय, म्हणून मी ओरडणं थांबवलं.”

संध्याकाळी शेवटची ॲम्ब्युलन्स आली. बसच्या खालून एकाला काढलं होतं. क्रेन येईपर्यंत बस उचलता आली नव्हती, त्यामुळे तो पहिल्यापासून तिथेच अडकलेला. आणणारे म्हणाले, बस पडली त्याच क्षणी गेला असणार. लगेच डॉक्टरांनी चादर वर केली. डिझेलचा वास आला. ओल्या मातीचा आला. 

“सिस्टर, काळा पट्टा द्या,” डॉक्टर म्हणाले. मग एकदम थांबले. “हे काय? याला हिरवा कुणी बांधला?”

उजव्या मनगटावर अर्धा हिरवा पट्टा होता. फाटलेल्या कडेला माझ्या दातांचे वण. गाठ रिबिनीची, शेपूट आत खोचलेली.

“मी बांधला,” मी म्हटलं.

“का?”

“चालत आले होते.”

डॉक्टरांनी चादर पुन्हा खाली सोडली. मग म्हणाले, “लगेच येतो,” आणि त्या दिवशी जे गेले ते दुसऱ्या दिवशी सकाळीच आले.

मी आजीचा कापून काढलेला अर्धा पट्टा शोधून आणला आणि दोन्ही कडा एकमेकींना लावून पाहिल्या. पुढचं तुला सांगायला नको.

टाके काढायला आजी आली, तेव्हा पुन्हा बोलायला लागली होती. डॉक्टरांचे कान किटले. आजोबांचं तिला केव्हाच सांगितलं होतं. माझ्याजवळ बसली तेव्हा मात्र आवाज खाली आणला.

“तुम्ही रंग देता ना,” तिने विचारलं, “ह्यांना कुठला दिला होतात?”

“हिरवा,” मी म्हटलं. “थांबू शकतो तो.”

“मग बरोबर आहे.” तिने पदराने नाक पुसलं. “जन्मभर माझ्यासाठी थांबलेच आहेत. मी पिशव्या भरत बसायची आणि हे दारात. एकदासुद्धा चल म्हणाले नाहीत हो.”

उठली, दाराकडे गेली, आणि सवयीने मागे न बघता म्हणाली, “या लवकर.” दार सरकलं, ती बाहेर पडली, दार मिटलं. मग पुन्हा उघडलं. एक उंच माणूस हळूहळू निघून जायला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ उघडं राहिलं, आणि मिटलं. घंटा वाजली नाही. वॉचमन म्हणाला, सेन्सर बिघडलाय. मी म्हटलं, राहू दे तसाच.

तर अशी गोष्ट. म्हणून मी नाकासमोर हात धरते. आणि एखादी बोलकी बाई गप्प झाली की सगळी कामं टाकून तिच्याकडे जाते. तूही जात जा. आता तो दिवा इकडे कर, मला चष्मा सापडत नाही...

काय गं?

हो, मीही ऐकलं. टिंग.

पण दार विजेवर चालतं. आणि दिवे तर अजून आलेले नाहीत...

माझा हात सोड आधी. खोक्यातून एक पट्टा घे आणि जा, बघून ये कोण आहे ते. आणि हे बघ... चालत आला असेल, तरी हिरवा बांधायची घाई करू नकोस.