कुरोइवा बेन्शीची शेवटची रात्र

दिवा बारीक करा. आणि दात काढू नका रे, त्या कुरोइवाला हसायचा हक्क फक्त माझा. मात्सुमोतो शहरातल्या थिएटरात मी पडद्याखाली बसून व्हायोलिन वाजवायचो. चित्रपट मुका, बोलायचा तो हा, बेन्शी. पडद्यावर बाई रडली की हाच रडणार, तलवार उपसली की हाच गरजणार. आवाज बरा. डोक्यात भुसा. बोलायला शिकवलं सेकिदो गुरुजींनी, आणि गुरुजींचा घसा बसल्यावर यानेच मालकांचे कान भरून त्यांना घरी बसवलं.

नोव्हेंबरातला शेवटचा शनिवार. नवा चित्रपट लागायचा होता. मालक म्हणाले, "जा, गुरुजींना मिठाई दे, वाकून नमस्कार करून ये." गेला. संध्याकाळी परत आला तो खिदळतच.

"काय म्हणाले गुरुजी?" मी विचारलं.

"म्हणतायत कपाळ! शेगडीपाशी माझ्याकडे पाठ करून बसलेत. मी म्हटलं, म्हातारबा, तुमच्या जागी आता मी बोलतो, तुम्ही गोड खा अन् गप्प बसा. मानसुद्धा वळवली नाही. माज बघा!"

रात्री आठला खेळ सुरू झाला. थिएटर गच्च. आई मुलाला निरोप देते तो प्रसंग आला. लोक हमसून रडायला लागले. मीसुद्धा. इतकं चांगलं हा गाढव जन्मात बोलला नव्हता.

मी वर पाहिलं.

त्याचं तोंड बंद होतं.

आवाज चालूच. खरखरीत. संथ. गुरुजींचा...

कुरोइवाने तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा उघडलं...

माझा हात थांबला. आवाज थांबला नाही. आईचं शेवटचं वाक्य झालं.

मग टाळ्या! कुणासाठी वाजवतोय, हे त्या बथ्थडांना काय कळणार.

खेळ सुटला तेव्हा दारात गुरुजींची शेजारीण उभी होती. "मालक, सेकिदोसान गेले हो. शेगडीपाशी बसल्या बसल्याच. डॉक्टर म्हणाले, सकाळीच गेलेत."

कुरोइवा तिच्याकडे बघत राहिला. काहीतरी म्हणायला गेला...

त्यानंतर त्याच्या घशातून शब्द फुटला नाही. सासऱ्याच्या भातखाचरात डबा बडवून पाखरं हाकायचा. शोभलं त्याला.

खेळाच्या दुसऱ्या दिवशी आम्ही पडदा उतरवला. मागच्या बाजूला, बसलेल्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, तळहाताएवढा ओला डाग. दिवसभर उन्हात टाकला. वाळेना. मी बोट लावून पाहिलं...

कोमट होता.