आईच्या वाटीने पाणी

मिरजेच्या खिडकीत जे रोप मजेत वाढत होतं, तेच चंद्रावर येऊन सडायला का लागावं? कुंडी तीच, माती तीच, पाणी घालायची आईची स्टीलची वाटीसुद्धा तीच. शाल्मली या कोड्याशी झटून दमली होती. आता तिला उत्तरही नको होतं, फक्त ते रोप जगायला हवं होतं.

बेगोनियाची पानं मोठी दिमाखदार. आकार बदामाचा, पण एका बाजूला कललेला. कडा लालसर आणि मध्ये चंदेरी पट्टा. हे रोप आईने वाढवलेलं. आई गेली, पुढे बाबांना चंद्रवस्तीवर नोकरी मिळाली, तेव्हा सगळी खेळणी मागे ठेवून शाल्मलीने कुंडी तेवढी मांडीवर घेतली. आई बुधवारी आणि रविवारी एक वाटी पाणी घालायची. शाल्मलीने एकही वार चुकवला नाही, तरी पानं एकेक करून गळत गेली. आता एकच पान धड उरलं होतं.

शेवटी तिने वस्तीच्या रोपवाटिकेतल्या यंत्रमानवाला बोलावलं. त्याला सगळे ठोकळा म्हणत, आणि कुणाची समजूत घालायची वेळ आली की तो खरोखरच ठोकळा होता. त्याने रोप अलगद उपटलं. मुळं काळी, लिबलिबीत झाली होती.

"हे वाचणार नाही," तो म्हणाला. "मुळं गुदमरली."

"मी आईसारखंच पाणी घातलं."

"तेच नडलं. मुळांनाही हवा लागते. ती मातीच्या कणांमधल्या फटींत असते. पृथ्वीवर गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली खेचणारी ओढ) जादा पाणी कुंडीच्या भोकातून बाहेर काढतं. इथे ती ओढ सहापट कमी. पण केशाकर्षण (बारीक फटींनी पाणी धरून ठेवणं) तेवढंच आहे. मग पाणी फटींतच अडकतं आणि हवेला जागा उरत नाही."

शाल्मलीने रोप हातात घेतलं आणि तिला रडू कोसळलं. आपणच मारलं, तेही इतक्या मायेने. आईचं एवढं एक जिवंत राहिलं होतं, तेही आपल्याला सांभाळता आलं नाही. अशा वेळी काय करायचं हे ठोकळ्याला कुणी शिकवलंच नव्हतं; तो वाकून ते उरलेलं पान निरखू लागला.

मग तो म्हणाला, "ते पान दे. त्याच्या शिरा कापायच्या आहेत."

तिने रोपच छातीशी धरलं. "एवढं एकच तर राहिलंय."

"ठेवलंस तर तेही जाईल. बेगोनियाच्या पेशींमध्ये (सजीवांचं शरीर ज्या सूक्ष्म विटांनी बनतं, त्यांत) अख्ख्या रोपाचा आराखडा असतो. शीर कापली, की तिथल्या पेशी पहिल्यापासून रोप घडवायला घेतात."

"म्हणजे दुसरंच रोप."

"रोप नवं. आराखडा आईच्या रोपाचाच."

शिरा तिने स्वतःच कापल्या. पान ओलसर जाड वाळूवर पसरून वर काचेचं भांडं पालथं घातलं. मग कितीतरी आठवडे काहीच झालं नाही. पानाच्या कडा तपकिरी पडल्या आणि शाल्मलीने आशा सोडली.

एका सकाळी शिरेवरच्या चिरेपाशी तिळाएवढं काहीतरी दिसलं. तिने काचेला नाक लावलं. पान होतं ते, एका बाजूला कललेलं.

बुधवार होता. सवयीने तिने वाटी भरून आणली, मग थांबली. काच उचलून वाळूत बोट खुपसून पाहिलं. वाळू अजून ओली होती. पाणी घालावंसं तिला फार, फार वाटत होतं. तिने वाटी तोंडाला लावली आणि ते पाणी स्वतःच पिऊन टाकलं.