मास्तरांचे निळे ठिपके

मी सुईचं टोपण काढलं आणि समोरचा धिप्पाड माणूस खुर्चीतून घसरून थेट माझ्या पायांशी आला.

"झालं का टोचून?" डोळे उघडल्यावर त्याने विचारलं.

"अहो, अजून सुरुवातही नाही!"

तो बालवाडीतला शिक्षक. पोरांच्या सर्द्या वर्षभर याच्या नाकाला, म्हणून सर्दीवर काम करणाऱ्या आमच्या प्रयोगशाळेला त्याचं रक्त हवं होतं. पुढच्या खेपेला तो सगळा वेळ माझ्याकडे टक लावून बसला. सुई दिसू नये म्हणून, असं त्याचं म्हणणं! त्यानंतर रक्ताची गरजच नव्हती... तरी तो येत राहिला. मीही त्याला कधी परत पाठवलं नाही.

मग तो नवा ताप आला. रस्ते ओस पडले. एका दुपारी त्याचा फोन आला. वर्गातली एक चिमुरडी तापाने फणफणली होती, तिला कडेवर घेऊन हा दवाखान्यात धावला होता. आणि तिला तोच ताप निघाला.

"मी घरात कोंडून घेतलंय," तो म्हणाला. "एकटाच आहे. तू... तुम्ही काळजी करू नका."

मी फोन ठेवला आणि तडक उठले.

प्रयोगशाळेच्या मोठ्या मॅडमना विचारून मी त्याचं गोठवून ठेवलेलं रक्त बाहेर काढलं. नवा विषाणू म्हणजे साध्या सर्दीच्या विषाणूंचा चुलत भाऊ. स्वभाव भयंकर, पण चेहरेपट्टी थोडी घराण्याचीच. रक्तातल्या टी पेशी विषाणूचे बारीक तुकडे लक्षात ठेवतात. सर्दीशी झुंजलेल्या त्याच्या पेशी या नव्याला ओळखतील का? प्लास्टिकच्या ताटलीतल्या इवल्याशा खळग्यांत त्या पेशी घातल्या, वर नव्या विषाणूचे निरुपद्रवी तुकडे. ओळख पटली तर निळे ठिपके उमटणार होते. शेजारी तुलनेसाठी माझं रक्त. आमच्याकडे रिवाजच आहे तो, दुसऱ्याचं तपासायचं तर आधी स्वतःला टोचून घ्यायचं. हे सगळं मी त्याला फोनवर सांगून टाकलं.

दुसऱ्या दिवशी पाहिलं. त्याच्या खळग्यांत ठिपकेच ठिपके! माझे मात्र कोरे.

"ओळखलं म्हणजे वाचला असं नाही हं," मॅडम हळूच म्हणाल्या. "आजार सौम्य जाईल... कदाचित."

ते 'कदाचित' घेऊनच मी त्याचा जिना चढले. दार नुसतं लोटलेलं होतं. आतून खोकला ऐकू आला.

"ताप आलाय ना तुला? मी आत येतेय."

"थांब. ठिपके आले?"

"भरपूर!"

"आणि तुझे?"

खोटं बोलायचं ठरवूनच आले होते. जीभच वळेना.

खाडकन आतून कडी लागली.

"मास्तर, वेडेपणा करू नकोस! तुझ्याकडे बघायला कोण आहे?"

"आणि तुला काही झालं तर मी काय करू?" त्याला धाप लागली होती. "ऐक... पुढे बोलता येईल न येईल. मला तू—"

"गप्प बस! निरोप घेतल्यासारखं नको सांगूस. ताप उतरला की सांग. तोवर मी रोज येणार."

जिना उतरताना वाटलं, ऐकून घ्यायला हवं होतं. नंतर हे बोलायला तो उरलाच नाही तर?

मी रोज डबा दाराशी ठेवायची, दार ठोठावायची. आतून "आहे अजून" एवढंच यायचं. मग एका सकाळी काहीच आलं नाही. मी पुन्हा ठोठावलं. मग दोन्ही हातांनी.

"मास्तर? ...अरे, बोल ना!"

"झोप लागली होती गं," घोगरा आवाज आला. "घाम फुटला... उतरला वाटतं ताप. आता तरी ऐकशील?"

"ह... हं."

"मला तू आवडतेस. फार. हातात सुई असते तेव्हासुद्धा."

मी तिथेच पायरीवर बसले आणि हमसाहमशी रडायला लागले.

दाराआड त्याची घाबरगुंडी उडाली. "अगं, नाही म्हणायचं असेल तर नुसतं नाही म्हण की!"

"हो म्हणतेय रे!" मी नाक पुसत ओरडले. "आणि इतक्यात दार उघडलंस तर याद राख!"