झाकलेला आड

शिरसवाडी चक्क नापास झाली! तीन बोअर, सौरपट्ट्या मिरवणारं बॅटरीघर, पाणी शुद्ध करणारं यंत्र, पिठाची गिरणी, भाज्यांचं शीतगृह. एवढं सगळं असलेलं गाव नापास होतंच कसं, हे कोडं कुणाला सुटेना.

निकाल दिला होता पारखीने. पारखी म्हणजे सहा चाकांचा, लांब मानेचा यंत्रमानव. समुद्र वर चढू लागल्यापासून किनाऱ्यावरची गावं उठत होती आणि त्यांना वसवायला सरकार ‘आसरा तालुके’ शोधत होतं. असा तालुका स्वयंपूर्ण (आपल्या गरजा आपणच भागवणारा) हवा आणि आपत्तीसज्जही (संकट येण्याआधीच तयारीत असलेला) हवा. भैरवघाट तालुक्याची पारख करायला आलेल्या पारखीने नमुना म्हणून शिरसवाडी निवडली, आणि गावाचं नाक कापलं गेलं.

सगळ्यांत मोठा धक्का बसला जुईला. तिचं खाडीकाठचं गाव गेल्या वर्षी पाण्याखाली गेलं होतं. आई लहानपणीच गेलेली. जुई आणि तिचे बाबा एका गाठोड्यानिशी इथे आले, तेव्हा सरपंच हौसाक्कांनी एक शब्द न विचारता आपली कडब्याची खोली रिकामी करून दिली होती. पण ही सोय तात्पुरती होती. तालुका नापास झाला, तर दसऱ्यानंतर दोघांना दूरच्या छावणीत जावं लागणार होतं. जुईला ते नको होतं. हौसाक्कांच्या हातच्या भाकरीची तिला सवय झाली होती, आणि खरं सांगायचं तर हौसाक्कांच्या ओरड्याचीही.

पारखी वेशीपाशी उन्हात पट्ट्या पसरून बसला होता. जुईने त्याला गाठलंच.

“आमच्या गावात काय कमी आहे?”

“छान प्रश्न,” पारखी पुस्तकी मराठीत म्हणाला. “आपण एक खेळ खेळू. गावात पाण्याच्या वाटा किती?”

“तीन. तीन बोअर आहेत.”

“आता समज, बॅटरीघरावर वीज कोसळली. पहिल्या बोअरचं काय होईल?”

“पंप बंद पडेल.”

“दुसऱ्याचं?”

“तोही.” जुईचा आवाज बारीक झाला. “तिसराही. आणि गिरणी, शीतगृह, पाण्याचं यंत्रसुद्धा.”

“म्हणजे वाटा तीन नव्हेत, एकच. याला सामाईक बिघाड (एकाच कारणाने अनेक गोष्टी एकदम बंद पडणं) म्हणतात. गावात वस्तू किती आहेत ते मी मोजत नाही. एक वस्तू गेली तर मागे काय उरतं, ते मोजतो.”

जुईला एकदम बाबांची होडी आठवली. होडीत इंजिन होतं, तरी बाबा शीड घ्यायचे आणि वल्हीही. इंजिन रुसलं तर शीड, वारा पडला तर वल्ही. “बाबांच्या होडीत इंजिन, शीड आणि वल्ही असायची. एकाचं दुखणं दुसऱ्याला लागत नाही,” ती म्हणाली.

“अगदी बरोबर! तुझ्या बाबांची होडी पास झाली असती.”

“पण मग आपला आड...” जुईने जीभ चावली.

“कोणता आड? मला फक्त रांगोळी घातलेला एक ओटा दिसला.”

ती रांगोळी जुईनेच काढली होती! सरकारी पाहुणा येणार म्हणून आदल्या दिवशी हौसाक्कांनी सगळं गाव कामाला जुंपलं होतं. आडावर पत्रा टाकून तो शेणाने सारवला, रहाट गोठ्यामागे नेला, घरोघरची जाती कडब्याखाली गेली आणि राखेत ठेवलेल्या बियाण्यांची मडकी माळ्यावर चढली. दाखवायचं ते झाकलं आणि झाकलं असतं तरी चाललं असतं ते दाखवलं, असा सगळा प्रकार.

जुई धावत सुटली.

“अगं, ती अडगळ दावून काय गावाची शोभा करायची?” हौसाक्का उखडल्या. पण जुईने होडीची गोष्ट सांगितली. मग त्या पदर खोचत म्हणाल्या, “चुकलंच की गं माझं. चल, त्या सहाचाक्याला थांबीव.”

पारखी थांबला, पण त्याची एक अट होती. “मी फक्त चालणाऱ्या वस्तूच हिशेबात धरतो. उद्या सकाळी बॅटरीघर बंद ठेवू. सूर्य मावळेपर्यंत गावाने आपलं आपण भागवून दाखवावं.”

सकाळी बॅटरीघर थंड झालं. पत्रा निघाला, रहाट बसला. हौसाक्कांनी पोहरा सोडला आणि भरल्यावर ओढला मात्र, कुजका दोर तटकन तुटला. पोहरा गेला तळाला. सगळ्यांचे चेहरे पडले. जुईच्या डोळ्यांपुढे तर छावणीच उभी राहिली.

तेवढ्यात बाबा पुढे आले. ते फारसं बोलत नसत. “बांधावर घायपात आहे ना? त्याच्या पानांचा वाख काढून द्या, दोर मी वळतो,” एवढंच म्हणाले.

हौसाक्कांनी हाक दिली, “इर्जिक घालतीया रं! या समदी!” आणि हां हां म्हणता गाव जमलं. कुणी घायपाताची पानं कापली, कुणी ठेचून धुतली, कुणी धागे उन्हात पसरले. इकडे जात्यांची घरघर सुरू झाली.

“यांना मजुरी किती?” पारखीने विचारलं.

“मजुरी नाही,” जुई म्हणाली. “एकाचं काम सगळ्यांनी करायचं, आणि ज्याचं काम त्याने जेवू घालायचं. यालाच इर्जिक म्हणतात.”

पारखीने मान लांबवून जमलेल्यांच्या हातांकडे पाहिलं. “ही शक्ती कोणत्या तारेवर चालते?”

“कोणत्याच नाही!”

“मग ही मोजायलाच हवी.”

दुपार कलली तेव्हा बाबांनी दोराचा शेवटचा पेड आवळला. दोर रहाटावर चढला, नवा पोहरा खाली गेला आणि काठोकाठ भरून वर आला. पारखीने पाणी तपासलं. “गाळून, उकळून पिण्याजोगं,” तो म्हणाला, आणि टाळ्यांनी गाव दणाणलं.

संध्याकाळी पिठलं-भाकरीच्या पंगतीत पारखीने निकाल वाचला. “औषधं आणि मीठ इथे होत नाही, त्याचा साठा करा. कुठलंच गाव अगदी शंभर टक्के स्वयंपूर्ण नसतं. पण एक वाट बुजली तर दुसरी काढणारी माणसं इथे आहेत. शिरसवाडी उत्तीर्ण, आणि तिच्यासोबत भैरवघाट तालुकाही. दिवाळीपर्यंत किनाऱ्यावरची आणखी कुटुंबं इथे येऊ शकतील. आता शेवटची नोंद. गावकरी सगळे, आणि पाहुणे दोन.”

“पाव्हणं?” हौसाक्कांनी भाकरी थापता थापता मान वर केली. “आमच्या आडाचा दोर ज्यानं वळला, त्यो पाव्हणा व्हय रं? आन् ही पोर रोज माझी बोलणी खाती. घरची धर दोघं!”

बाबांनी मान खाली घातली. जुईला मात्र रडू आणि हसू एकदमच आलं. ती उठून हौसाक्कांना जाऊन बिलगली, आणि हौसाक्कांनी पिठाच्या हातानेच तिला जवळ घेतलं.

दुसऱ्या दिवशी पारखी पुढच्या तालुक्याकडे निघाला, तेव्हा वेशीवरून त्याने मान वळवून पाहिलं. जुई आडापाशी बसली होती. पत्रा कधीच गोठ्यावर गेला होता. उघड्या आडाच्या भोवतीने ती रांगोळी काढत होती.