टेबलाखालून पाहिलेला सीन

दुकानाचं शटर अर्ध्यावर आलं होतं, तेवढ्यात पायऱ्यांवरून एक मॉनिटर चालत वर आला.

म्हणजे तिला दिसला तो मॉनिटरच. जुन्या पद्धतीचा, मागे भलंमोठं पोट सुटलेला. त्याला दोन्ही बाजूंनी घट्ट धरलेली बोटं, आणि खाली लटपटणारे पाय. चेहरा कुठेच नाही.

"बंद करताय?" मॉनिटरमागून आवाज आला.

"जेवायची वेळ झाली. पलीकडच्या गल्लीत अजून एक दुकान आहे, तिथे बघा."

"तिथूनच आलो, त्याला कुलूप आहे. आणि हे धूड आता खाली ठेवलं ना... तर मला परत उचलता यायचं नाही. खरंच सांगतो."

तिला हसू फुटलं. तिने शटर पुन्हा वर ढकललं. मॉनिटर काउंटरवर टेकला आणि त्यामागून एक लालबुंद, घामेजलेला चेहरा बाहेर आला. गालावर हिरव्या रंगाचा फराटा. त्याला बहुतेक त्याचा पत्ताही नव्हता.

"काय होतंय याला?"

"थरथरतो."

"म्हणजे नक्की कसा?"

त्याने हात पुढे केला आणि बोटांनी हवेत एक लाट काढली — खालून वर, सावकाश. "असे पट्टे सरकतात. पुस्तकासाठी मांजर काढतोय मी. गोष्टीत ती रडते. पण पट्टा आला की तिच्या मिशा हलतात आणि ती गालात हसल्यासारखी दिसते."

तो लहान मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायचा. कागदावर रेखाटून रंग कॉम्प्युटरवर भरायचा. हे त्याने नंतर सांगितलं. त्या क्षणी ती त्याच्या हाताकडेच बघत राहिली होती. लाट वर पोचून थांबली, तरी तिची नजर तिथेच.

"ठेवून जा," ती भानावर येत म्हणाली. "संध्याकाळी सांगते."

कॉम्प्युटरचं हे दुकान तिचं आणि तिच्या दादाचं. दादा विकायचा, ती दुरुस्त करायची. बिघाड एकदा हाती लागला की तो सुटेपर्यंत ही जेवणखाण विसरते, म्हणून दादाने लहानपणीच तिचं नाव 'पक्कड' ठेवलं होतं. बाजारातले निम्मे लोक तिला त्याच नावाने ओळखत.

पक्कडने दुपारभर मॉनिटर चालू ठेवला. पांढरा पडदा, काळा पडदा, निळा पडदा. पट्टा सोडा, साधा ठिपका हलला नाही.

"ठणठणीत आहे," संध्याकाळी तिने चित्रकाराला सांगितलं. "वायर बदलून दिलीय, एवढंच."

दोन दिवसांनी तो परत आला. या वेळी मॉनिटर आणि कॉम्प्युटरचा डबा, दोन्ही हातगाडीवर.

"घरी नेलं की आजारी, तुमच्याकडे आणलं की बरं," तो ओशाळून म्हणाला. "तुमच्या हाताला गुण आहे, पण तो रस्त्यातच उतरतो."

तिने डबा उघडला. "यात नवीन काही बसवलंय?"

"टीव्ही दिसायचं कार्ड. आत्यासाठी."

मग त्याने आत्याची हकिगत सांगितली. आई-वडील गेल्यावर आत्यानेच त्याला वाढवलं होतं. जन्मभर ग्रंथालयात नोकरी केली, पण तरुणपणी एकदा, मैत्रिणीच्या ओळखीने, घरी कुणाला न सांगता तिने एका मालिकेत काम केलं होतं. टेलिफोन ऑपरेटरचं. ती मालिका लागली तेव्हा घरात टीव्ही नव्हता, आणि शेजारी जाऊन बघावी तर बिंग फुटायची भीती. आता केबलवर एक वाहिनी तीच जुनी मालिका रोज दुपारी दाखवत होती. आत्याचा भाग येत्या शुक्रवारी होता.

"तिने स्वतःला कधी पाहिलंच नाही?"

"एकदाही नाही. म्हणून म्हटलं, रेकॉर्डच करून ठेवू. नुसता टीव्ही घेतला तर एकदा बघून संपलं. पण रेकॉर्ड केलेल्यातही तेच पट्टे दिसतात."

पक्कडने कार्ड काढलं, पुसलं, परत नीट दाबून बसवलं. सगळं जोडून चालू केलं. दोघं शेजारी उभं राहून पडद्याकडे बघत राहिले. पडदा शहाण्यासारखा स्थिर. तिच्या दंडाला त्याची बाही लागली... कुणीच सरकलं नाही.

तो गेल्यावर दादाने पेपरातून डोकं वर काढलं. "मॉनिटरला काही झालेलं नाही, पक्कड. मॉनिटर आणणाऱ्याला झालंय."

"काहीतरीच!"

"मग तुझे कान का लाल झाले?"

त्या संध्याकाळी तिने चुकीच्या प्रिंटरला चुकीची शाई भरली. असं कधी होत नसे.

गुरुवारी सकाळी तो रिकाम्या हाताने दारात उभा.

"परत?" तिने विचारलं.

"परत."

आता मात्र तिचा संशय पक्का झाला. राग यायला हवा होता — आला तो थोडासाच, बाकी पोटात नुसत्या गुदगुल्या. तिने हत्यारांची पिशवी खांद्याला अडकवली. "चला. तुमच्या घरीच बघते, कसं थरथरतं ते."

तिला वाटलं, हा गडबडेल. सबबी सांगेल. पण तो उजळून म्हणाला, "खरंच याल? मला विचारायचा धीर होत नव्हता."

घर तिसऱ्या मजल्यावर. दार आत्यानेच उघडलं. बुटकी, ताठ कण्याची, चष्म्याच्या वरून बघणारी.

"हीच का ती?" आत्याने भाच्याला विचारलं. "जिच्याकडे गेलं की सगळं बरं होतं?"

"आत्या..."

"अरे, मी कॉम्प्युटरचं म्हणतेय. तुला काय वाटलं? ये गं, आत ये."

खिडकीशी टेबल, भिंतीवर चिकटवलेल्या मांजरी, बशीत वाळलेले ब्रश. त्याने बटण दाबलं. पडदा उजळला आणि खालून एक फिकट पट्टा निघाला, सावकाश वर चढला, गेला. मागोमाग दुसरा. कडा लुकलुकत होत्या. त्याने हवेत काढून दाखवलेली लाट, अगदी जशीच्या तशी.

म्हणजे खरंच बिघडलं होतं.

आणि पक्कडच्या मनात काहीतरी खट्टकन खाली बसलं. हा सबब काढून येत नव्हता तर. बिचारा नुसता कॉम्प्युटर घेऊन येत होता. कान लाल करून घेणारी ती एकटीच. आपण खट्टू झालोय हे कळल्यावर तर तिला आणखीच लाज वाटली. ती तोंड वळवून भराभर कामाला लागली.

पंखा बंद केला, पट्टे तसेच. प्लग दुसऱ्या बोर्डात घातला, तसेच. स्पीकर लांब केले, पडद्याचा वेग बदलला, फरक शून्य. शेवटी ती टेबलाखाली शिरली. डब्याच्या मागे वायरींचं जाळं, आणि त्यात एक जाड काळी वायर खिडकीतून थेट आत आलेली.

"ही कसली?"

"केबलची. टीव्हीची."

तिने वायरीचं टोक फिरवून सोडवलं. टोक डब्याच्या पत्र्याला घासलं आणि तिच्या बोटाला मुंगी चावल्यासारखी झिणझिणी आली.

"थांबलं!" वरून दोन आवाज एकदम ओरडले.

तिने वायर परत टेकवली. "आता?"

"आला पट्टा!"

"आता?"

"गेला!"

ती जमिनीवर मांडी घालून बसली आणि खो-खो हसत सुटली. "माझ्या दुकानात ही वायरच नाही! तिथे कशाला थरथरेल?" तो समोर उकिडवा बसला होता. त्याला तिने समजावलं, "तुमच्या कॉम्प्युटरचं अर्थिंग या इमारतीतलं. केबलचं बाहेर, कुठल्यातरी खांबावरचं. दोन्हीत थोडा फरक आहे. वायर जोडली की त्या फरकामुळे इकडून तिकडे चोरटी वीज वाहते. ती चित्रात घुसते, तेच हे पट्टे."

"म्हणजे दोघांपैकी कुणातच खोट नाही?"

"कुणातच नाही. एकत्र आले की थरथर."

"असं होतं खरं," तो म्हणाला.

तिने वर पाहिलं. तो वायरीकडे बघत होता... निदान बघतोय असं दाखवत होता.

"उपाय?" आत्याने विचारलं. "उद्याच आहे गं."

"अर्थिंग अजिबात तोडायचं नाही. काही लोक प्लगची पिन काढतात, जिवावर बेतेल. मधे एक छोटी डबी बसवायची. ती चित्र जाऊ देते, चोरटी वीज अडवते. तयार मिळाली तर ठीक, नाहीतर मी करते. उद्या दुपारच्या आत आणते, आत्या."

आपण 'आत्या' म्हणालो, हे तिला जिना उतरताना लक्षात आलं.

डबी बाजारात मिळाली नाही. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, आमच्याकडून सगळं बरोबर आहे, कॉम्प्युटर बदला. शुक्रवारी सकाळी तिने स्वतःच सोल्डरिंगचे डाग देऊन डबी करायला घेतली. दादाने चहाचा कप बाजूला ठेवला आणि या वेळी थट्टा केली नाही. "वास कसला येतोय?" एवढंच विचारलं. ओढणीचं टोक जळत होतं.

ती पोचली तेव्हा आत्या ठेवणीतले कपडे घालून, ओठांना किंचित रंग लावून खुर्चीत बसली होती. हात मांडीवर, पाय जुळवलेले, परीक्षेला बसल्यासारखी. मालिकेचं संगीत सुरूही झालं होतं. पक्कड पिशवीसकट टेबलाखाली शिरली, डबी जोडली. पट्टे गायब!

तिने हात काढला. पट्टे हजर.

कार्डाचं तोंड झिजलं होतं, टोक सैल बसत होतं. परत दाबलं, गेले. सोडलं, आले. बदलायला वेळ कुठे होता?

"मी धरून बसते," ती खालून म्हणाली. "रेकॉर्डिंग सुरू करा."

"पण मग तुम्हाला दिसणार नाही."

"मला नंतर दाखवा. करा लवकर!"

बटणाचा टकटक आवाज झाला. मग तो गुडघ्यांवर बसला, डोकं वाकवलं, आणि टेबलाच्या कडेपाशी, तिच्या कानाजवळ येऊन कुजबुजू लागला.

"हॉटेल आहे... नायक धावत आला. फोन उचलला. आता... आली! आत्या आली!"

वरून एक कोवळा, टवटवीत आवाज आला, "थांबा हं, जोडून देते. फोन ठेवू नका." आणि खुर्चीतून एक हुंदका. दबलेला, लगेच गिळलेला.

"कशी दिसतेय?" पक्कडने विचारलं.

"दोन वेण्या. कानावर हेडफोन. बोलताना मान डावीकडे कलते, अजून कलते तशीच. आता बोलणं संपलं. पण मागे दिसतेय... वायरी लावतेय. आता एक डास मारला."

"डास?"

"हळू, डबी हलेल. आता खिडकीबाहेर बघतेय. केस मागे सारले. कुणाची तरी वाट बघत असावी."

तिचा हात अवघडला होता, मानेत कळ येत होती. पण ते कुजबुजणं इतकं जवळ होतं, की श्वासही सांभाळून घ्यावा लागत होता. रंगाचा आणि साबणाचा वास. वर मालिकेतले लोक भांडले, मग कुणाचं तरी लग्न ठरलं. आत्या मात्र मागे उभीच. कधी पेन शोधत होती, कधी मांजरीला हाकलत होती. शेवटी संगीत वाजलं आणि तो म्हणाला, "संपलं. सोडा आता."

ती बाहेर आली तेव्हा आत्या डोळे पुसत होती. तिने उठून पक्कडचा तो काळवंडलेला, बधिर झालेला हात हातात घेतला आणि कितीतरी वेळ चोळत राहिली. "मी बरी दिसत होते गं," ती नवलाने म्हणाली. "मला उगाच वाटायचं, आपण वाईट काम केलं असेल."

"आता मला दाखवा," पक्कड म्हणाली.

रेकॉर्डिंग सुरू झालं. चित्र स्वच्छ, एकही पट्टा नाही. नायक धावत आला, फोन उचलला. दोन वेण्यांची मुलगी मान कलवून म्हणाली, "थांबा हं, जोडून देते. फोन ठेवू नका." आणि लगेच दुसरं दृश्य. कुणाचं तरी स्वयंपाकघर.

पक्कड वाट बघत राहिली. स्वयंपाकघरानंतर दिवाणखाना. मग भांडण, मग लग्नाची बोलणी. मुलगी परत आलीच नाही.

ती सावकाश वळली. "डास कुठे गेला?"

चित्रकार खिडकीला पाठ लावून उभा होता. या वेळी त्याचे कान लाल झाले होते.

"डास... नव्हता."

"आणि मांजर?"

"मांजरी मी कुठेही घालतो. सवय आहे."

"सीन एवढासाच होता? मग मला तिथे तासभर—"

"तू खाली होतीस," तो म्हणाला. "मी वाकलो होतो, आणि तू ऐकत होतीस. सीन संपला हे सांगितलं असतं, तर तू बाहेर आली असतीस, पिशवी उचलली असतीस... आणि आता तर बिघाडही राहिला नाही. मग मी दुकानात काय घेऊन येणार होतो?"

पक्कडने आत्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"समोरच तर बसले होते," आत्या चष्मा पुसत म्हणाली. "म्हटलं, चाललंय तर चालू दे. चहा टाकते मी." आणि ती आत गेली. भांड्यांचा नको इतका मोठा आवाज करू लागली.

"मी चिडायला हवं," पक्कड म्हणाली.

"हो."

"हात पार बधिर झालाय माझा."

"बघू?"

तिने हात पुढे केला. त्याने तो दोन्ही हातांत धरला, अगदी जपून.

"खरं सांगू?" ती हळूच म्हणाली. "काल ते पट्टे खरोखर दिसले ना... तेव्हा मला वाईट वाटलं. मला वाटत होतं, तू माझ्यासाठी खोटं बोलत असशील."

"तेव्हा नव्हतो बोलत."

"कळलं. आता बोललास." ती हसली. "रविवारी दुकान बंद असतं. काहीही न बिघडवता ये."

"शटर बंद असेल तर कुठे येऊ?"

"वरच राहते मी. दादा दार उघडेल, दोन-चार टोमणे मारेल. ते ऐकून घ्यायचे आणि आत यायचं."

"येतो," तो म्हणाला. हात मात्र त्याने सोडला नाही, आणि तिनेही काढून घेतला नाही.

आतून आत्याने चहात साखर किती म्हणून विचारलं. बाहेरून कुणीच उत्तर दिलं नाही, तेव्हा तिने आपल्या अंदाजाने घातली.