तिसरा पुकारा

लाईट गेली म्हणून पोरं गच्चीवर अंथरुणं टाकून पडली होती. आश्रुबा तात्याला त्यांनी मधोमध बसवलं. तात्यानं आधी शेजारी बसलेल्या मोहिनीला सांगितलं, लेकराला जरा कुशीत घे, आणि मग गोष्ट काढली. शिरूर कासारच्या अलीकडं एका वस्तीवर राहणारा बंकट त्याच्या चांगल्या ओळखीचा. पुढचं सगळं बंकटच्या बायकोनं, वच्छलाबाईनं, तात्याला स्वतःच्या तोंडानं सांगितलेलं.

गेल्याच्या गेल्या सालची वैशाखातली अमावास्या, बुधवार. त्या दिवशी बंकट मोटरसायकलवर तालुक्याला गेला होता, कोर्टातून निकालाची नक्कल आणायला. नक्कल मिळाली. येताना हॉटेलावर चहा पिला, वच्छलाबाईसाठी भजी बांधून घेतली. हॉटेलवाल्यानं विचारलं, जिंकलास म्हणं. बंकट हसून म्हणाला, "कोर्टात भांडायचं न्हाई बे. येळ बघायची."

वेळ त्यानं खरंच बघितली होती. त्याच्या रानाला लागून मनकर्णाचं दोन एकर रान, बांधालाच विहीर. मनकर्णा एकटी बाई. नवरा उसाच्या ट्रॉलीखाली गेलेला, पोटी लेकरू नाही. दरसाल दिवाळी झाली की घराला कुलूप लावून टोळीबरोबर ऊसतोडीला जायची, ती गुढीपाडव्यालाच परत. एका साली ती गेल्यावर आठ दिवसांनी बंकटनं कोर्टात दावा टाकला, की हे रान माझं आहे.

कोर्टाचा बेलिफ नोटीस घेऊन वस्तीवर आला. त्यानं विचारलं, बाई कुठं आहे. बंकट म्हणाला, हितंच असती, दार उघडत न्हाई. बेलिफानं नोटीस दाराला चिकटवली, बंकटनं पंच म्हणून सही केली. बेलिफाची गाडी वळणाआड गेली तशी नोटीस त्यानंच सोलून काढली आणि चुलीत घातली.

तारीख आली. कोर्टाच्या दारात शिपायानं तीनदा पुकारा केला, मनकर्णा हाजिर आहे का. मनकर्णा तेव्हा लांब कारखान्याच्या फडात, डोक्यावर मोळी घेऊन. तिला कुठून ऐकू येणार? तिसऱ्या पुकाऱ्यालाही ओ आली नाही की कोर्ट एकाच बाजूचं ऐकतं. निकाल बंकटचा झाला. पाडव्याला ती परत आली तर तिच्या रानात बंकटचा नांगर चाललेला.

मग तिनं वकील धरला, अर्ज केला की मला नोटीस मिळालीच नाही, केस परत चालवा. तारखा पडत गेल्या. पुढच्या हंगामात ऊसतोड सोडून ती कोर्टाच्या व्हरांड्यात बसायला लागली. आणि ज्या दिवशी तिची साक्ष होती, त्या दिवशी शिपायानं परत तीनदा पुकारलं तरी ती उठली नाही. खांबाला टेकून बसलेली. उन्हानं म्हणा, उपासानं म्हणा... गेलेली. मागं वारस कोणी नाही. अर्ज तिथंच संपला. बंकट बाजूलाच उभा होता. म्हणाला, "सुटली बिचारी."

आणि त्या अमावास्येला नक्कल घेऊन तो घरी आला. भजी खाल्ली, भाकरी खाल्ली. उद्या तलाठ्याकडं जाऊन सातबाऱ्यावर नाव लावायचं, एवढंच राहिलं होतं. उकाडा लई, म्हणून दोघं अंगणात झोपले.

मध्यरात्रीच्या पुढं लाईट गेली. वस्तीवरची कुत्री भुंकत होती, ती एकदम गप झाली.

मग रस्त्याकडून हाक आली.

"बंकट रामेश्वर... हाजिर हाय का?"

शिपाई ओढतो तशीच लांब ओढलेली. पण आवाज बाईचा.

वच्छलाबाई उठून बसली. तिला आवाज ओळखू आला. ती काही बोलणार, तर बंकटनं तिच्या तोंडावर हात दाबला. रात्री नाव घेऊन हाक आली तर ओ द्यायची नाही, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही माहीत. ओ दिली की माणूस हाक मारणारीच्या हाती लागलं.

"बंकट रामेश्वर... हाजिर हाय का?"

आता फाटकाशी.

बंकट घामानं निथळत होता. पण गप. हात तसाच.

मग तिसरी हाक. उशाशी. अगदी हळू... जसं झोपलेल्या लेकराला उठवावं.

तो बोलला नाही.

कितीतरी वेळ काहीच झालं नाही. बंकटनं हात काढला. हसला सुद्धा. म्हणाला, "गेली. ओ दिली असती तर मेलो असतो."



"अवो," वच्छलाबाई म्हणाली, "कोर्टात तीनदा पुकारून माणूस बोललं न्हाई... तर काय व्हतं?"

बंकटचं हसू तोंडावरच राहिलं.

तेवढ्यात रानाकडून हलगी वाजायला लागली. कोर्टाचा माणूस जमिनीचा ताबा देताना वाजवून घेतो, तशी. संथ. एकाच जागी नाही... रानाच्या चारी बाजूंनी फिरत.

वच्छलाबाईनं त्याचा सदरा धरला. पाया पडली. म्हणाली, जाऊ द्या ते रान, तिला देऊन टाका. बंकटनं सदरा सोडवला. रान त्याच्या जिवापेक्षा वर गेलं होतं. मोबाईलचा उजेड धरून तो अंधारात निघाला.

बांधापाशी उजेड थांबलेला तिला दिसला.

"माज्या रानात कोण हाय बे?"

हलगी थांबली.

उजेड गेला.

मग... काही नाही.

फटफटताना वस्ती गोळा झाली. बंकट बांधावर मिळाला. मनकर्णाच्या रानात नाही, बाहेरच्या अंगाला, उताणा, गेलेला. अंगावर ओरखडा नाही. दोन्ही हात मात्र समोर ताठ, कुणीतरी ढकलत असताना अडवावं तसे.

आणि रानात, मधोमध, एक कोपी उभी होती. ऊसतोडीवाले फडावर बांधतात तशी, उसाच्या पाचटाची. पाचट हिरवंगार, नुकतं तोडलेलं. त्या भागात उसाचं एक टिपरू नाही, आणि कारखाने बंद होऊन दोन महिने झालेले.

आत जायला कोणी धजेना. शेवटी पोलीस पाटील वाकून आत गेला, आणि लगेच मागं आला.

आत तीन दगडांची चूल होती. तव्यावर भाकरी टाकलेली. ती अजून फुगत होती.