दादा केबल लावायचा ती फट

यात पदरचं एक अक्षरही घातलेलं नाही. पटलं तर घ्या, नाहीतर सोडा.

गेल्या महिन्यातली गोष्ट. भर दुपार. जागा आमचीच, मी आणि दादा मिळून चालवायचो ती वर्कशॉपची खोली.

आम्ही छोटे सर्किट बोर्ड बनवतो. गिऱ्हाईकाला देण्याआधी बोर्डातून येणारं रंगीत पट्ट्यांचं चित्र वेगवेगळ्या स्क्रीनवर लावून बघावं लागतं. एकावर लख्ख दिसतं, दुसरा हटून बसतो. स्क्रीन ओळीने मांडलेले. त्यांच्या मागच्या फटीत शिरून दादा केबल लावायचा. मी समोर बसायचे.

"पीडे, आलं का?"

"आलं."

की तो पुढच्या स्क्रीनकडे. मी 'आलं' म्हटल्याशिवाय जागचा हलायचा नाही.

आजारपणात त्याला धाप लागायची. तरी फटीत तोच शिरायचा. "तू अडकशील, मग भिंत पाडावी लागेल," म्हणायचा.

दादा गेला.

त्यानंतर त्या दुपारी मी पहिल्यांदा बोर्ड तपासायला बसले. एकटी.

बोर्ड चालू केला. केबल लावायला उठणार, तोच... पहिल्या स्क्रीनवर रंगीत पट्टे उमटले.

मी केबल लावलीच नव्हती.

आणि स्क्रीनमागच्या फटीतून...

"पीडे, आलं का?"

अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगते, भीतीपेक्षा रडू जास्त आलं. सवयीने तोंडून निघून गेलं, "आलं."

मागे काहीतरी सरकलं. दुसऱ्या स्क्रीनवर पट्टे. मग त्याच्या पुढच्या.

राहिला शेवटचा, जुना टीव्ही. त्यानंतर स्क्रीनच नाही, नुसती भिंत.

त्यावरही पट्टे आले. अगदी स्वच्छ.

"आलं का?"

मी म्हणाले, "नाही."

"थांब हं. परत लावतो."

खट्... खट्...

"आता?"

"नाही, दादा."

तो लावत राहिला. मी खोटं बोलत राहिले. तो तिथे असावा, एवढंच हवं होतं मला.

मग... धाप ऐकू आली. तीच, हॉस्पिटलमधली.

"आता... आलं... का गं?"

मला ऐकवेना.

"आलं, दादा. छान आलंय. बस कर आता."

धाप थांबली. पट्टे गेले.

मी मागे जाऊन पाहिलं. कुणी नव्हतं. सगळ्या केबल खुंटीवर होत्या, त्याने गुंडाळून ठेवल्या होत्या तशाच.

हे मी फक्त आईला सांगितलं.

तेव्हापासून रोज दुपारी ती वर्कशॉपमध्ये येते. मला बोर्ड चालू करायला लावते. जुन्या टीव्हीसमोर खुर्ची ओढून बसते. स्क्रीन काळाच असतो.

"नाही आलं रे अजून," ती फटीकडे बघून हळूच म्हणते.

मग आम्ही दोघी कान देऊन बसतो.

उत्तर यावं म्हणून तिचा जीव तुटतो. मला धास्ती वाटते... आलं, तर त्याला पुन्हा धाप लागेल.